पैगंबरांचा जन्मदिन आणि इस्लामी विचार

आपले वर्ष जयंत्यांनी भरलेले आहे. चैत्रात दुपारी बारा वाजता रामजन्म होतो, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. त्याच महिन्यात महावीरजयंती आणि हनुमानजयंती येतात. पुढे वैशाखी पौर्णिमेला बुद्धजयंती, श्रावणात गोकुळाष्टमी आणि मार्गशीर्षात दत्तजयंती. घाटकोपरसारख्या उपनगरात तर ही सगळी परंपरा एका हाकेच्या अंतरावर पाहावयास मिळते. येथे जैन मंदिरांतून महावीरांचा जन्मोत्सव होतो, माता रमाबाई आंबेडकर नगरात १४ एप्रिलची जयंती होते, आणि चिरागनगरात ज्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे काढली त्या अण्णाभाऊ साठे यांची १ ऑगस्टची जयंतीही होते. थोर पुरुष म्हटला की त्याची जयंती आलीच, अशी आपल्या मनाची घडण होऊन बसली आहे.

या घडणीमुळे ईद-ए-मिलाद म्हणजे मुसलमानांची रामनवमी, असे आपण सहज समजतो. हिरवे झेंडे, सरबताच्या पाणपोया, रोषणाई आणि मिरवणूक आपण रस्त्यावर पाहतो आणि ही समजूत पक्की होते. ती समजूत अगदीच चुकीची आहे असे नव्हे. परंतु ती अपुरी आहे. रामनवमी करावी की करू नये, असा वाद रामभक्तांत नाही. ईद-ए-मिलाद करावी की करू नये, हा वाद मात्र मुसलमान विद्वानांत निदान सातशे वर्षे चालू आहे, आणि तो आजही मिटलेला नाही. एकाच गल्लीत राहणारे, एकाच मशिदीत नमाज पढणारे दोन सश्रद्ध मुसलमान या दिवशी अगदी वेगळे वागतात. एक घरावर दिवे लावतो. दुसरा नेहमीसारखा कामावर जातो. दोघांनाही आपले वागणे पैगंबरांवरील प्रेमाचेच वाटते. हे कसे घडते, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम मूळ ग्रंथांकडे वळू. कुराणात पैगंबर मुहंमद यांचा जन्मदिवस साजरा करण्याची आज्ञा नाही, आणि तो साजरा करू नये असा निषेधही नाही. प्रेषितांच्या जन्माचा उल्लेख मात्र कुराणात आदराने येतो. मरियम नावाच्या एकोणिसाव्या अध्यायात याह्या, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला बाप्तिस्मा देणारा योहान म्हणतात तो, आणि ईसा, म्हणजे येशू, या दोघांच्या जन्मदिवसावर, मृत्युदिवसावर आणि पुनरुत्थानाच्या दिवसावर शांती असो असा आशीर्वाद आहे. एकांतात खजुराच्या झाडाखाली मरियमला झालेल्या प्रसूतिवेदना, आणि झाड हलवताच तिच्यासाठी पडलेली पिकली फळे, हे वर्णनही याच अध्यायातले. जन्म ही घटना पवित्र आहे, एवढे त्यावरून दिसते. ती दरवर्षी अमुक दिवशी साजरी करावी, असे त्यातून निघत नाही.

हदीसांमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या संग्रहांत, एक महत्त्वाची नोंद आहे. पैगंबर सोमवारी उपवास करीत. त्याविषयी विचारले असता, याच वारी आपला जन्म झाला आणि याच वारी आपल्याला दैवी संदेश मिळाला, असे त्यांनी सांगितल्याचे ‘सहीह मुस्लिम’ या मान्य संग्रहात नमूद आहे. आता गंमत अशी की दोन्ही पक्ष या एकाच नोंदीचा आधार घेतात. उत्सवाचे समर्थक म्हणतात, पाहा, स्वतः पैगंबरांनी आपल्या जन्माचा दिवस विशेष मानला. विरोधक म्हणतात, होय, पण तो त्यांनी उपवासाने मानला, आणि तोही दर आठवड्याला. वर्षातून एकदा मिरवणूक काढून नव्हे.

इस्लामच्या पहिल्या पिढीची दृष्टी कळण्यास आणखी एक उदाहरण उपयोगी पडेल. पैगंबरांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, दुसरे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत, सुमारे इ. स. ६३८ मध्ये, मुसलमानांनी स्वतःची कालगणना सुरू केली. वर्ष कोठून मोजावयाचे हा प्रश्न तेव्हा निघाला. पैगंबरांच्या जन्मापासून मोजावे, त्यांना संदेश मिळाला तेव्हापासून मोजावे, त्यांच्या मृत्यूपासून मोजावे, असे पर्याय पुढे आल्याचे जुने इतिहासकार सांगतात. शेवटी निवड झाली ती हिजरतीची, म्हणजे इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेस गेले त्या घटनेची. ख्रिस्ती शक येशूच्या जन्मापासून चालतो. इस्लामी शक मात्र एका स्थलांतरापासून, श्रद्धेसाठी घरदार सोडून निघालेल्या माणसांच्या प्रवासापासून चालतो.

इस्लामचे दोन सर्वमान्य सणही याच जातीचे आहेत. रमजान ईद महिनाभराचे रोजे पुरे झाल्याची. बकरी ईद इब्राहीमने ईश्वराज्ञेपुढे आपला पुत्रही अर्पण करण्याची तयारी दाखविली त्या प्रसंगाची. हजच्या यात्रेत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये यात्रेकरू सात फेऱ्या घालतात, त्या तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावणाऱ्या हाजराची आठवण म्हणून. मुहर्रमच्या दहाव्या दिवशी कित्येक सुन्नी मुसलमान उपवास करतात, तो मूसा आणि त्याचे लोक फिरौनच्या तावडीतून सुटले म्हणून. म्हणजे प्रेषितांची वार्षिक आठवण इस्लामला परकी नाही. परंतु ही आठवण प्रेषितांच्या जन्माशी जोडलेली नसून त्यांच्यावर आलेल्या प्रसंगांशी जोडलेली आहे. इब्राहीम, मूसा किंवा ईसा यांची जयंती सर्व मुसलमानांनी पाळावी अशी प्रथा कधी पडली नाही. ईसाला इस्लाम थोर प्रेषित मानतो, तरी बहुतेक उलेमा नाताळ हा मुसलमानांचा सण मानीत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

येथे आपल्याकडचे एक साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण देवांच्या जयंत्या करतो, पण संतांच्या बाबतीत बहुधा त्यांची पुण्यतिथी पाळतो. तुकारामबीज हा तुकोबांच्या प्रयाणाचा दिवस, आणि आळंदीची कार्तिकी यात्रा ज्ञानेश्वरांच्या समाधीची. मुसलमान अवलियांचेही तसेच. माहीमच्या मखदूम अली माहिमींचा उरूस काय किंवा हाजीमलंगचा काय, उरूस ही पुण्यतिथी असते. उरूस या शब्दाच्या मुळाशी लग्न हा अर्थ आहे, कारण मृत्यूने भक्ताचे ईश्वराशी मीलन होते अशी सूफींची कल्पना. ईद-ए-मिलादला आपल्याकडे जे जुने नाव होते, आणि जे अजूनही वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे, ते पाहा: बारावफात. वफात म्हणजे मृत्यू. हिजरी सन ११ मध्ये, इ. स. ६३२ च्या जून महिन्यात, रबिउलअव्वलच्या बारा तारखेस पैगंबर निवर्तले असे बहुतेक मानतात. जन्माचा दिवसही रूढीने तोच. म्हणजे ज्या दिवसाला आपण जयंती म्हणून ओळखतो, त्याचे लोकांच्या बोलण्यातले नाव पुण्यतिथीचे होते.

जन्माची तारीख तरी निश्चित आहे काय? पैगंबरांचा जन्म इ. स. ५७० च्या सुमारास मक्केत झाला. तेव्हाच्या अरबस्तानात जन्मतिथी टिपून ठेवण्याची पद्धत नव्हती. वार सोमवार आणि महिना रबिउलअव्वल यांविषयी बरेच एकमत आहे, तारखेविषयी नाही. कोणी दोन म्हणतो, कोणी आठ, कोणी नऊ, कोणी बारा. आठव्या शतकातील चरित्रकार इब्न इसहाक याने बारा तारीख दिली आणि तीच सुन्नी जगात रूढ झाली. शिया पंथात सतरा तारीख मानतात. इराणात क्रांतीनंतर बारापासून सतरापर्यंतचा आठवडा ऐक्याचा आठवडा म्हणून पाळण्याची पद्धत सुरू झाली ती या मतभेदावर पूल बांधण्यासाठी. शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेची की वैशाख शुद्ध द्वितीयेची, यावर महाराष्ट्रात किती वर्षे वाद झाला हे ज्यांना आठवते, त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

मग हा उत्सव आला कोठून? त्याची पहिली ठळक वर्णने मिळतात ती इजिप्तमधील फातिमी राजवटीची. फातिमी खलिफा हे इस्माईली शिया पंथाचे. इ. स. ९६९ पासून ११७१ पर्यंत त्यांनी इजिप्तवर राज्य केले. कैरोच्या राजवाड्यात ते पैगंबरांचा, अलींचा, फातिमेचा, हसन व हुसेन यांचा आणि गादीवर असलेल्या खलिफाचा, असे सहा जन्मदिन साजरे करीत. मिठाई वाटली जाई, कुराणपठण आणि प्रवचने होत, खलिफा प्रजेला दर्शन देत. तो मुख्यतः दरबारी सोहळा होता. अफदल नावाच्या वजिराने मध्यंतरी हे उत्सव बंद पाडले, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते पुन्हा सुरू झाले. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, परंतु या फातिमी परंपरेचे वारस मुंबईतच राहतात. दाऊदी बोहरा समाज तो हाच. पैगंबरांच्या जन्मदिनाप्रमाणे आपल्या धर्मगुरूंचा, सय्यदनांचा, जन्मदिनही बोहरा लोक मोठ्या उत्साहाने साजरा करतात, आणि खोजा इस्माईली आपल्या इमामाचा, आगाखानांचा, जन्मदिन पाळतात. भेंडीबाजारातील त्या रोषणाईची मुळे हजार वर्षांपूर्वीच्या कैरोपर्यंत जातात.

सुन्नी जगात या उत्सवाला थाट आला तो आजच्या इराकमधील इरबिल या शहरात. तेथला राजा मुजफ्फरुद्दीन गोकबुरी हा सुलतान सलाहुद्दीनचा मेहुणा. इ. स. १२३३ मध्ये तो वारला. त्याच गावी जन्मलेल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराने त्याच्या उत्सवाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. चारचार, पाचपाच मजली लाकडी मंडप उभारीत, त्यांत गायक आणि खेळवाले बसत, दूरदूरचे विद्वान व सूफी जमत, उंट, गाई, मेंढरे यांचे कळप कापून भोजने होत. इब्न दिह्या नावाच्या एका फिरस्त्या पंडिताने इ. स. १२०७ मध्ये या राजासाठी पैगंबरांच्या जन्माविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्याला हजार दिनार बिदागी मिळाली. पण या वर्णनात सर्वांत बोलका तपशील निराळाच आहे. तारखेविषयी मतभेद असल्यामुळे हा राजा उत्सव एका वर्षी आठ तारखेस करी आणि दुसऱ्या वर्षी बारा तारखेस. हा तपशील श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला मुंबईत त्याची गरज पडणार आहे.

उत्सव लोकप्रिय झाला तसा उलेमांना त्यावर मत देणे भाग पडले. वादाचा मुख्य शब्द आहे बिदत. बिदत म्हणजे धर्मात मागाहून घातलेली भर. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे: धर्म पैगंबरांच्या हयातीतच पूर्ण झाला. त्यांच्यावर त्यांच्या सोबत्यांइतके प्रेम कोणी केले नाही, आणि सोबत्यांनी जन्मोत्सव केला नाही. मग तो पुण्यकर्म आहे असे आपण म्हणू लागलो, तर सोबत्यांना एक पुण्यकर्म कळलेच नाही असा त्याचा अर्थ होतो. शिवाय आज एक भर चालवून घेतली तर उद्या दुसरी येईल, आणि मूळ धर्म कोणता व रूढी कोणती हे सामान्य माणसाला ओळखू येणार नाही.

समर्थकांचे उत्तरही तितकेच विचारपूर्वक आहे. ते म्हणतात, प्रत्येक नवी गोष्ट वाईट नसते. कुराण एका ग्रंथात एकत्र बांधले गेले ते पैगंबरांच्या मृत्यूनंतरच. रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाज एका इमामामागे सर्वांनी मिळून पढण्याची शिस्त खलिफा उमर यांनी लावली, आणि ही नवी गोष्ट चांगली आहे असे त्यांनीच म्हटल्याची नोंद आहे. तेव्हा नवेपणा हा दोष नव्हे. त्या गोष्टीत काय चालते ते पाहावे. पंधराव्या शतकातील थोर हदीसपंडित इब्न हजर याने मूसाच्या सुटकेनिमित्तच्या मुहर्रमच्या उपवासाचाच आधार घेतला. ईश्वराने ज्या दिवशी कृपा केली तो दिवस दरवर्षी कृतज्ञतेने आठवणे पैगंबरांना मान्य होते. मग पैगंबरांच्या जन्माहून मोठी कृपा कोणती, असा त्याचा सवाल. इ. स. १५०५ मध्ये वारलेल्या सुयूतीने या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. लोकांनी जमावे, कुराण वाचावे, पैगंबरांच्या जन्माची कथा ऐकावी, जेवावे आणि घरी जावे, एवढ्यात पाप ते कसले, असा तिचा सूर आहे. हे दोघेही शाफी पंथाचे. आपल्या कोकणपट्टीतले मुसलमानही बहुतांशी शाफी, आणि घरोघरी मौलूद वाचण्याची चाल त्यांच्यात जुनी आहे.

या दोन टोकांच्या मध्ये जी मते आहेत, ती मला अधिक शिकविणारी वाटतात. चौदाव्या शतकाच्या आरंभीचा ताजुद्दीन फाकिहानी हा मालिकी पंडित उत्सवाचा कडवा विरोधक. तरी त्याने दोन प्रकार वेगळे केले. एखाद्याने स्वतःच्या पैशाने आपल्या घरच्यांना आणि मित्रांना जेवू घातले, आणि त्यात दुसरे काही गैर घडले नाही, तर ती गोष्ट त्याच्या मते नापसंत, पण हलकी. जेथे लोकांकडून त्यांच्या मनाविरुद्ध पैसा काढला जातो, देणाऱ्याचा जीव त्या पैशामागे तळमळतो, आणि वर गाणेबजावणे व गोंधळ होतो, तेथे मात्र ते सरळ पाप. सक्तीच्या वर्गणीचा हा प्रश्न सहा-सातशे वर्षांपूर्वीचा आहे, हे ऐकून मुंबईकराला ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल! त्याचाच समकालीन इब्न तैमिया हा नव्या रूढींचा मोठा शत्रू म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यानेही असे लिहिले की ही प्रथा निराधार असली, तरी ती पाळणाऱ्याला त्याच्या प्रेमाबद्दल आणि चांगल्या हेतूबद्दल ईश्वर कदाचित फळ देईल. प्रथेला तो नाही म्हणतो. माणसाच्या अंतःकरणाला नाही म्हणत नाही.

हिंदुस्थानात हा वाद एकोणिसाव्या शतकात पेटला. १८६६ साली देवबंदचा मदरसा स्थापन झाला. त्याचे एक प्रमुख आचार्य रशीद अहमद गंगोही यांनी प्रचलित मिलादच्या सभांना विरोध केला. त्यांचे मुख्य आक्षेप असे, की लोक ठरावीक दिवस आणि ठरावीक रीत अनिवार्य समजू लागतात, जन्माचे वर्णन येताच उभे राहणे बंधनकारक मानतात, आणि जो येत नाही त्याला नावे ठेवतात. उलट बरेलीचे अहमद रझा खान यांनी या सभांचे आणि त्या उभे राहण्याचे समर्थन केले. आज मुंबईतील मिलादच्या मिरवणुकांत जो उत्साह दिसतो तो मुख्यतः या बरेलवी परंपरेतला. गंमत अशी, की गंगोहींचे स्वतःचे गुरू हाजी इमदादुल्ला हे मिलादच्या सभेला जात आणि त्यात त्यांना आनंद वाटे. शिष्यांतील भांडणे पाहून त्यांनी सात वादग्रस्त प्रश्नांवर एक छोटी पुस्तिका लिहिली. मिलाद हा त्यांतला एक. ज्याला करावयाचे त्याने करावे, ज्याला करावयाचे नाही त्याने करू नये, आणि एकाने दुसऱ्याला दोष देऊ नये, हे तिचे सार. गुरू एक करतो, शिष्य त्याला विरोध करतो, आणि तरी गुरुशिष्याचे नाते तुटत नाही, अशी ही परंपरा आहे.

हा झगडा इस्लामपुरताच आहे असेही कोणी समजू नये. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत कोठेच नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेली आढळते. त्याआधी तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती आचार्याने असे निदर्शनास आणले होते, की धर्मग्रंथात वाढदिवस साजरा करणारे दोघेच, फिरौन आणि हेरोद, आणि दोघेही दुष्ट. पुढे सतराव्या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ प्युरिटन मंडळींनी १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास दंड ठेवला होता. याउलट वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, जिला सर्व धर्मांचे लोक जातात, ती मेरीच्या जन्मदिनाचीच, ८ सप्टेंबरच्या सणाची. प्रेमाला दिवस हवा असतो आणि शास्त्राला आधार हवा असतो. हा ताण सर्व धर्मांत आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघणारी मिलादची मिरवणूक मुंबईत सर्वांत प्रसिद्ध आहे. १९१९ च्या सुमारास, खिलाफत चळवळीच्या काळात, तिची सुरुवात झाली असे मानतात. २०२३ साली असा योग आला की ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला, आल्या. त्या दिवशी गणपतिविसर्जनासाठी सारी मुंबई रस्त्यावर. तेव्हा मुंबईतील मुस्लीम पुढाऱ्यांनी बैठक घेऊन आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, काढण्याचे ठरविले, आणि सरकारने त्या दिवशी सुटी दिली. २०२४ साली ईद १६ सप्टेंबरला होती आणि विसर्जन १७ ला. त्या वर्षी मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ईदची सुटी १६ ऐवजी १८ ला देण्यात आली आणि मिरवणूकही त्याच दिवशी निघाली. २०२५ साली ईद ५ सप्टेंबरला आणि विसर्जन ६ ला. पुन्हा शहर व उपनगरांतील सुटी ८ सप्टेंबरवर नेली गेली. अशा प्रकारे लागोपाठ तीन वर्षे हा सण मुंबईने पुढे सरकविला.

हा योग तीनच वर्षे का टिकला, याचे कारण पंचांगात आहे. आपले महिने आणि हिजरी महिने दोन्ही चांद्र आहेत; फरक इतकाच की आपण सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ घालतो आणि हिजरी सन तसा मेळ घालत नाही. २०२३ च्या अधिक श्रावणानंतर भाद्रपद आणि रबिउलअव्वल जोडीने चालू लागले. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ही जोडी सुटते. अशी गाठ पुन्हा सुमारे बत्तीस-तेहतीस वर्षांनी पडते. म्हणजे हा प्रसंग मुंबईकराच्या आयुष्यात दोन-तीनदा येणारच, आणि प्रत्येक पिढीला तो नव्याने निभावावा लागणार.

सण पुढे सरकविणे शक्य कसे झाले? केवळ मनाच्या मोठेपणामुळे, असे म्हणून थांबता येणार नाही. मोठेपणा तर होताच. परंतु त्याला धर्मशास्त्रात जागाही होती. २०२३ सालीच २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी आल्या. त्या वेळी पंढरपुरात आणि महाराष्ट्रातील इतर अनेक गावी मुसलमानांनी ईदची नमाज त्याच दिवशी पढली, पण कुर्बानी मात्र एकादशीला केली नाही. नमाज हलविता येत नाही; कुर्बानीला मात्र हनफी मताने तीन दिवसांची मुभा आहे. जेथे शास्त्राने मुभा ठेवली तेथे लोकांनी ती वापरली. मिलादच्या मिरवणुकीची गोष्ट याहून सोपी. ती ना फर्ज, ना ठरावीक वेळेची इबादत. तिची तारीखच मुळात मतभेदाची. इरबिलचा राजा एक वर्ष आठला आणि एक वर्ष बाराला उत्सव करीत असे, मग मुंबईने तो एक-दोन दिवस पुढे नेला तर पैगंबरांचा सन्मान कमी कसा होईल? ज्या ढिलेपणाला विरोधक या उत्सवाचे वैगुण्य म्हणतात, तोच ढिलेपणा येथे शहराच्या उपयोगी पडला. घरातले दरूदपठण आणि मशिदीतील प्रवचन ज्याच्या त्याच्या तारखेला झालेच; सरकली ती रस्त्यावरची मिरवणूक.

या सर्वांतून नगरवासीयांनी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट कोणती? जुन्या विद्वानांचा वाद नीट पाहिला तर त्यांची खरी भीती एकच दिसते: जी गोष्ट ऐच्छिक आहे ती निष्ठेची कसोटी होऊन बसू नये. ज्याने दिवे लावले तो खरा श्रद्धावान आणि ज्याने लावले नाहीत तो कमी, असे मोहल्ल्यात होऊ लागले, की फाकिहानीचा इशारा खरा ठरतो. ज्याने दिवे लावले तो धर्मबाह्य, असे कोणी म्हणू लागला, की हाजी इमदादुल्लांचा उपदेश वाया जातो. आणि मिरवणूक ही शेजाऱ्याला आपले बळ दाखविण्याचे साधन झाली, की ती कोणाच्या जयंतीची आहे याला अर्थच उरत नाही. हे जसे ईदच्या मिरवणुकीला लागू आहे तसेच आपल्या प्रत्येक मिरवणुकीला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मोठ्या आवाजाचे ध्वनिक्षेपक गणेशोत्सवात घातक असतील तर ते ईदलाही घातकच, असे साध्या शब्दांत सांगितले. मिलादचे समर्थक असलेले कित्येक उलेमाही डीजेला विरोध करतात, कारण त्या गोंगाटात दरूद कोणालाच ऐकू येत नाही.

म्हणून पुढच्या रबिउलअव्वलच्या बारा तारखेस आपला मुसलमान शेजारी सरबत वाटताना दिसला, तर ते आनंदाने घ्यावे. दुसरा शेजारी नेहमीसारखा डबा घेऊन लोकल पकडताना दिसला, तर त्याला आपल्या पैगंबरांचे प्रेम नाही असे मानू नये. कदाचित त्याने सोमवारचा रोजा धरला असेल, आणि ते आपल्याला कळलेही नसेल.